अभंगाला गिटार, गिटारीला ॲम्प

कुंभकोणमहून मयिलादुतुरैच्या गाडीत बसलं, की आडुतुरैनंतर नरसिंगमपेट्टै नावाचं लहानसं स्टेशन लागतं. या गावात नादस्वरम बनतात. आच्चा नावाच्या झाडाचं जुनं, मुरलेलं लाकूड शोधून आणायचं, ते कातायचं, आतून कोरायचं आणि सुरात आणायचं, हा इथल्या घराण्यांचा पिढीजात धंदा. २०२२ साली या नादस्वरमला भौगोलिक मानांकन मिळालं. कुंभकोणमहून उलट दिशेला, चाळीसेक किलोमीटरवर तंजावर. तिथे फणसाच्या लाकडाची वीणा बनते आणि तिला हे मानांकन २०१३ सालीच मिळालं आहे. म्हणजे दक्षिणेतलं सर्वांत दणदणीत वाद्य एका हाताला, अगदी हळू बोलणारं दुसऱ्या हाताला, आणि मधे कुंभकोणम. देवाची पालखी अजून वळणापलीकडे असते तेव्हाच नादस्वरम कानावर येतं. वीणा ऐकायला मात्र पाचव्या रांगेतल्या माणसाला पुढे सरकून बसावं लागतं.

ॲकॉस्टिक गिटार ही वीणेच्या जातकुळीतली. पोकळ लाकडी पोट, वर ताणलेल्या तारा, बोटांनी छेडायच्या, आवाज बेताचा. घरात पाच-सात माणसांत ती पुरून उरते. शेजारी मृदंगम, हार्मोनियम आणि डझनभर टाळ आले, की वाजवणाऱ्याची बोटं हलताना दिसतात, इतकंच.

या मुलखात तिच्या शेजारी नेमके टाळच येतात. तंजावरचं भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं आणि जाताना बरंच काही मागे ठेवून गेलं. तमिळ हरिकथेवर मराठी कीर्तनाचे संस्कार इतके खोल, की साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं तिथले भागवतर, म्हणजे हरिकथाकार, आजही वापरतात. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं मंदिर आहे. नामसंकीर्तनाच्या मंडळ्या तुकोबांचे आणि नामदेवांचे अभंग तमिळ वळणाच्या उच्चारांत, पण कमालीच्या रंगतीने म्हणतात. अलीकडे या मंडळ्यांत तरुण पोरं कीबोर्ड आणि गिटार घेऊन बसतात. जुन्या मंडळींना ते फारसं रुचत नाही, पण कोणी उठवतही नाही. पाश्चात्त्य वाद्यांचं कौतुक या भागात नवं नाहीच. दुसऱ्या सरफोजी राजांच्या दरबारात विलायती वाद्यांचा बँड होता. व्हायोलिन तर इथे असं रुजलं, की कुंभकोणम राजमाणिक्कम पिळ्ळै यांच्यासारख्या वादकाच्या नावातच हे गाव आलं.

गिटारीच्या बाबतीत एक गंमत सांगून पुढे जातो. महाराष्ट्रात गिटार शिकणारा प्रत्येक जण पहिल्या वर्षात ‘नीले नीले अंबर पर’ वाजवतोच. ते गाणं १९८३ च्या ‘कलाकार’ या चित्रपटातलं, आणि त्याची चाल आली तमिळमधून. ‘पयणंगळ मुडिवदिल्लै’ या १९८२ च्या चित्रपटात इळैयराजांनी केलेलं ‘इळय निला’ हे तिचं मूळ आणि त्यातली ती सुप्रसिद्ध गिटार आर. चंद्रशेखर यांची. त्या गिटारीत जे ऐकू येतं, म्हणजे तारेवर बोट पडण्याचा बारीक टक्, लगेच खुलणारा सूर आणि मागे लाकडाची ऊब, तेच मंडपात शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचं आहे. कुंभकोणमच्या एका मराठी घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मला विचारत होता, “मामा, इलेक्ट्रिक गिटारीचा एक ॲम्प स्वस्तात मिळतोय, घेऊ का?” त्याला नको म्हणालो. का ते जरा सविस्तर सांगायला हवं.

इलेक्ट्रिक गिटारीचा ॲम्प हा निम्मं वाद्य असतो. ती गिटार भरीव लाकडाची, स्वतःचा आवाज नसल्यातच जमा. तिचा सूर घडतो तो ॲम्पच्या आत, तो मुद्दाम थोडा फाटतो, दाटतो आणि लांबतो. त्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही बोलत नाही आणि तिथे ते बरंच असतं, कारण फाटलेल्या सुरातली कर्कश टोकं तो गिळून टाकतो. कर्नाटक संगीतात याचं उत्तम उदाहरण यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांचं. साध्या मँडोलिनचा सूर लगेच विझतो, त्यावर गमक टिकत नाही. म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं, जोडतारा काढून पाच एकेरी तारा लावल्या आणि सूर लांबवण्याचं काम विजेवर सोपवलं. तिथे वीज वाद्याचा भाग झाली.

ॲकॉस्टिक गिटारीचं तसं नाही. तिच्या पोटातून निघताना सूर पुरा झालेला असतो. ॲम्पने त्याला हात न लावता फक्त मोठं करायचं. सहावी, जाड तार मोकळी छेडली तर सूर ८२ हर्ट्झचा. पण तिच्या चकाकीतली उपस्वरं दहा हजार हर्ट्झच्याही वर जातात. म्हणून चांगल्या ॲकॉस्टिक ॲम्पमध्ये खालच्या सुरांना एक स्पीकर आणि वरच्यांना वेगळा लहान ट्वीटर असतो, किंवा दोन्ही टोकं पेलणारा दुहेरी शंकूचा एकच स्पीकर असतो. इलेक्ट्रिकच्या ॲम्पमध्ये ॲकॉस्टिक लावली, की आवाज मोठा होतो पण घोंगडं पांघरल्यासारखा येतो, आणि मग लोक ट्रेबल पूर्ण फिरवतात. जे स्पीकरमधून निघतच नाही, ते बटण फिरवून कुठून येणार?

तरीही ॲम्प ही निवडीतली दुसरी पायरी. आधी गिटारीत पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, कोणता आहे ते पाहायचं. निकृष्ट पिकअपपुढे जगातला महागडा ॲम्प ठेवला, तर तो तेवढाच निकृष्टपणा प्रामाणिकपणे मोठा करून ऐकवेल.

दुकानात ‘सेमी-ॲकॉस्टिक’ म्हणून जी गिटार मिळते, तिच्यात बहुधा पिएझो पिकअप असतो. घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीखाली एक सपाट पट्टी बसवलेली असते. काही स्फटिक दाबले, की त्यांच्या दोन बाजूंना विद्युतभार उमटतो. हा गुण जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला. तार थरथरली की दाब बदलतो आणि त्याबरोबर भारही. हवेतला आवाज हा पिकअप जवळपास ऐकतच नाही, त्यामुळे शेजारचा मृदंगम त्यात शिरत नाही. मंडपात ही मोठी सोय. वीणेला जो कॉन्टॅक्ट माईक चिकटवतात, त्याची युक्ती हीच, आणि त्यावरची तक्रारही हीच, की वीणा मोठी झाली पण लाकूड हरवलं. जोरात छेडल्यावर पिएझोमधून एक टणटणीत, प्लॅस्टिकसारखा ‘क्वॅक’ येतो. तो साधारण एक ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, हे ध्यानात ठेवावं, पुढे लागेल.

दुसरा प्रकार चुंबकीय पिकअपचा, जो गिटारीच्या गोल भोकात बसवतात. सूर गोल, जाड, थोडा इलेक्ट्रिककडे झुकणारा. नायलॉनच्या तारांना तो निरुपयोगी, कारण त्याला पोलाद लागतं. तिसरा, पोटाच्या आत बसवलेला बारीक माईक. आवाज सर्वांत खरा त्याचा, आणि कुई करायला सर्वांत आधी तयार तोच. खिशाला परवडत असेल, तर पिएझो आणि माईक यांची सांगड घालणारी गिटार घ्यावी आणि दोघांचं प्रमाण जागेनुसार ठरवावं.

आता येते ती गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही आणि खोक्यावर बारीक अक्षरांत असते. ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स. पिएझोमध्ये तयार होणारा भार अगदी थोडा असतो आणि ॲम्पच्या इनपुटमधून तो सतत झिरपत असतो. तळाला भोक असलेल्या घागरीत पाणी भसकन ओतलं, तर क्षणभर तरी पातळी वर येते. सावकाश ओतलं तर साचतच नाही. तसंच इथे होतं. भराभर थरथरणारे वरचे सूर निभावतात, सावकाश थरथरणारे खालचे सूर झिरपून जातात. भोक लहान म्हणजे इम्पिडन्स जास्त.

आकडे घालून पाहा. पिकअपची धारिता ५०० पिकोफॅराड धरली आणि इनपुट १ मेगाओहमचा असला, तर सुमारे ३१८ हर्ट्झच्या खाली सूर क्रमाने बारीक होत जातात. गिटारीच्या सहा मोकळ्या तारांचे मूळ सूर आहेत ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० हर्ट्झ. म्हणजे सहांपैकी पाच तारांचे मूळ सूर त्या रेषेखाली. सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर तर पावपटीवर येतो. हाच इनपुट १० मेगाओहमचा असेल, तर ती रेषा ३२ हर्ट्झवर जाते आणि सगळी गिटार वर राहते. आणि मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला, जो दहा हजार ओहमच्या आसपास असतो, तिथे असा पिकअप थेट खोचला, तर पत्र्याच्या डब्यावर तारा लावल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. कित्येक मंडपांत गिटारीला नावं ठेवली जातात ती या एका चुकीमुळे.

गिटारीच्या कडेला बटणांची पाटी आणि आत नऊ व्होल्टची बॅटरी असेल, तर ही अडचण तिथेच सुटलेली असते. त्या पाटीमागचा प्रीॲम्प पिकअपला हवा तेवढा इम्पिडन्स देतो. पाटी नसेल, किंवा वरून चिकटवायचा पिकअप असेल, तर जास्त इम्पिडन्सचा ॲम्प किंवा मधे वेगळा प्रीॲम्प हवाच. बॅटरीबद्दल एक आठवण: केबल गिटारीत खोचलेली राहिली तर बॅटरी चालूच राहते. भजन संपल्यावर केबल गिटारीच्या बाजूने काढावी, नाहीतर पुढच्या एकादशीला आवाज आधी फाटेल आणि मग बंद पडेल.

ॲकॉस्टिक गिटारीचा खरा वैरी फीडबॅक. कुंभकोणमपासून चारेक किलोमीटरवर दारासुरमला बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वराचं मंदिर आहे. तिथल्या बलिपीठाच्या दगडी पायऱ्या ठोकल्या, की सूर देतात म्हणून प्रसिद्ध. येणारा-जाणारा ठोकू लागला, म्हणून आता त्या जाळीत बंद आहेत. दगडाला स्वतःचा सूर असतो, तसा लाकडी पोटालाही असतो. गिटारीच्या भोकावर ओठ नेऊन हळूच गुणगुणत सूर खाली-वर करून पाहा. एका ठिकाणी सगळं पोट एकदम हातात थरथरतं. बहुतेक मोठ्या गिटारींत हे १०० हर्ट्झच्या आसपास घडतं, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्याजवळ. ते पोटातल्या हवेचं. वरच्या फळीचा असाच एक सूर २०० हर्ट्झच्या सुमाराला, मोकळ्या तिसऱ्या तारेजवळ सापडतो.

ॲम्प चालू असतो तेव्हा स्पीकरमधला आवाज हवेतून येऊन या पोटाला हलवतो. पोट तारांना आणि घोडीला हलवतं, पिकअप ते पकडतो, ॲम्प मोठं करतो, आणि पुन्हा तेच. एका फेऱ्यात आवाज जितका गळतो त्याहून जास्त भरला गेला, की तो सूर कोणी न छेडता वाढत जातो आणि हंबरतो. चांगल्या ॲम्पची परीक्षा इथे होते. त्याच्यावर ‘फेज’ नावाचं एक बटण हवं. ते दाबल्यावर स्पीकर पुढे ढकलायच्या वेळी मागे ओढतो आणि बऱ्याचदा एवढ्यानेच हंबरणं थांबतं. ‘नॉच’ हवा, म्हणजे एकच अरुंद पट्टा कापून टाकणारी चाळणी. ती हंबरणाऱ्या सुरावर नेऊन ठेवायची. बास सगळा कमी करून हंबरणं थांबवणाऱ्याने गिटारीचा अर्धा देह कापलेला असतो. ज्या ॲम्पवर फक्त बास, मिड, ट्रेबल अशी तीन बटणं आहेत आणि यांतलं काहीच नाही, तो घरात चालेल, मंडपात नाही. मधल्या बटणाला कापायची जागा ठरवता येत असेल, तर दुधात साखर. मघाचा तो ‘क्वॅक’ तिथेच कमी करायचा.

बाकी उपाय बिनपैशाचे. ॲम्प पाठीशी ठेवून त्याच्याकडे गिटारीचं पोट करून बसू नये. तो बाजूला आणि थोडा पुढे सरकवावा. अंतर दुप्पट केलं, की मोकळ्या जागेत सहा डेसिबल कमी होतात. गिटारीच्या भोकात बसणारं रबरी झाकण मिळतं, ते फार स्वस्त आणि फार गुणी.

वॅटचा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. मग ६० वॅट कशाला, २० चालणार नाहीत का? मंडपात चालत नाहीत, त्याचं कारण गिटारीच्या स्वभावात आहे. छेडल्याच्या क्षणी तिचा आवाज सरासरीपेक्षा पंधरा-एक डेसिबल वर उसळतो, म्हणजे तीसपटीहून अधिक शक्ती. सरासरी दोन वॅटवर निवांत वाजत असलेल्या गिटारीला त्या क्षणापुरते साठ वॅट लागतात. ते नसले, की प्रत्येक आघाताचं टोक चिरडलं जातं आणि ती ‘इळय निला’मधली टक् नाहीशी होते. घरच्या सरावाला २०-३० वॅट पुष्कळ. बंदिस्त सभागृहात मृदंगमबरोबर बसायचं तर ५०-६० वॅटच्या खाली जाऊ नये. शंभराच्या वर ॲकॉस्टिकवाल्याने जाऊ नये असं माझं मत आहे. तेवढ्या आवाजाला मंडपातली मोठी यंत्रणा असते आणि आपली पाठ सुखी राहते.

मंडप म्हणजे इथलं कल्याण मंडपम, लग्नकार्याचं सभागृह. ग्रॅनाइटची फरशी, गिलावा केलेल्या भिंती, सपाट छत, पडदा-गालिचा नावाला नाही. अशा जागेत आवाज किती वेळ रेंगाळतो, याचं गणित हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीची शोषणशक्ती. २० मीटर लांब, १२ रुंद आणि ५ उंच मंडप घ्या. घनफळ १२०० घनमीटर, सगळ्या पृष्ठभागांची बेरीज ८०० चौरस मीटर. हे पृष्ठभाग आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात असं धरलं, तर शोषण २४ आणि आवाज विरायला आठ सेकंद! आता दोनशे माणसं आत बसवा. माणूस म्हणजे कपड्यांसकट चालता-बोलता शोषक, प्रत्येकी ०.४५ धरू. शोषण ११४ वर जातं आणि रेंगाळणं पावणेदोन सेकंदांच्या खाली येतं. सगळी दारं-खिडक्या उघडी असली तर आणखी कमी.

हे ढोबळ गणित आहे, पण दोन गोष्टी त्यातून उघड होतात. सकाळी रिकाम्या मंडपात लावलेली बटणं संध्याकाळी पुन्हा लावावी लागणार. रिकाम्या जागेत घुमतंय म्हणून बास कमी केला असेल, तर भरलेल्या मंडपात गिटार पातळ आवाजाची वाटेल. आणि दुसरं, ॲम्पवरच्या ‘रिव्हर्ब’ नावाच्या, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या, बटणावर पैसे घालवू नयेत. सोळा प्रकारचे रिव्हर्ब आहेत म्हणून कोणी ॲम्प विकत असेल, तर त्याला एकदा कुंभकोणमच्या मंडपात आणून बसवावं. इथे भिंतीच ते काम फुकट करतात, हवं त्यापेक्षा जास्त. ते बटण शून्यावर.

मंडपात बहुतेक वेळा ‘माईक सेट’वाला आलेलाच असतो. त्याचे स्पीकर मोठे, मिक्सर बऱ्यापैकी, आणि त्याला गिटारीपेक्षा गायकाची काळजी जास्त. म्हणून ॲम्पच्या पाठीमागे ‘डीआय आउट’ हवा. तीन पिनांच्या, माईकच्याच जातीच्या केबलने तो त्याच्या मिक्सरला जोडायचा. ही जोडणी समतोल असल्यामुळे वीसेक मीटर लांब केबलमध्येही घुरघुर शिरत नाही. गिटारीची साधी जॅकची केबल मात्र पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नये. मग ॲम्पचं काम उरतं आपल्यापुरतं आणि शेजारी बसलेल्या मृदंगमवाल्यापुरतं, आणि समोरच्या दोनशेंची चिंता माईक सेटवाल्याची. डीआय आपल्या आवाजाच्या बटणाच्या आधी निघतो की नंतर, हे निवडता येत असेल तर आधीचा घ्यावा. म्हणजे आपण आपला आवाज कमी-जास्त केला, तरी त्याची मांडणी बिघडत नाही. पहिल्यांदा जोडताना दोघांनी आवाज शून्यावर ठेवावा, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

वीज हा वेगळा अध्याय. जुन्या घरांत आणि मठांत तिसऱ्या पिनेला अर्थिंग असेलच, याची खात्री नसते. तारांना हात लावला की घुरघुर कमी होते आणि हात काढला की वाढते, हे अर्थिंग किंवा शील्डिंग बिघडल्याचं लक्षण. कोणी तिसरी पिन काढून टाकायला सुचवेल, त्याचं ऐकू नये, त्या पिनेवर जीव अवलंबून असतो. आणखी एक मोह म्हणजे अमेरिकेतल्या भाच्याकडून ॲम्प मागवायचा. तिकडचा ॲम्प १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. मागच्या पाटीवर दोन्ही आकडे छापलेले नसतील, तर भाच्याला दुसरं काहीतरी आणायला सांगावं. उत्सवात, अंगणात, पालखीबरोबर वाजवायचं असेल तर बॅटरीवर चालणारे ॲम्प आहेत. रोलँडचा एसी-३३ पेन्सिल सेलवरही चालतो. लाल-निळे दिवे लागणारा पार्टी स्पीकर ब्लूटूथवर लावण्याचा प्रयत्न करू नये. त्यात आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशिरा येतो आणि तेवढ्यात टाळ पुढे निघून गेलेला असतो.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमध्ये वसलेल्या या गावाला ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे दिवस. तेव्हा गिटारीची वरची फळी दमट हवेने फुगते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. ॲम्पचे जॅकही गंजतात आणि करकरायला लागतात. करकर आली की ॲम्प बिघडला असं समजून दुरुस्तीला नेण्याआधी जॅक दहा-बारा वेळा आत-बाहेर करून बघावा.

नावंच हवी असतील तर जर्मन बनावटीचा एईआर कॉम्पॅक्ट ६० हा या क्षेत्रातला मापदंड. साठ वॅट, आठ इंची स्पीकर, वजन साडेसहा किलो. एका हातात धरून बसमध्ये चढता येतं. किंमत मात्र छातीत धडकी भरवणारी. फिशमनचा लाउडबॉक्स मिनी तेवढ्याच वॅटचा, वेगळ्या ट्वीटरचा आणि पुष्कळ कमी पैशांचा. मला विचाराल तर बहुतेकांनी इथेच थांबावं. मार्शलचा एएस५०डी पन्नास वॅटचा, दोन आठ इंची स्पीकरांचा, अंगाने दांडगा. तिघांतही माईकची सोय आहे, म्हणजे गाणाराही त्यातच सामावतो. लहान भजनी मंडळाला एवढ्यावर निभावता येतं.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी. दुकानातल्या महागड्या गिटारीवर सगळेच ॲम्प गोड वाटतात. सगळी बटणं मध्यावर, रिव्हर्ब शून्य. आधी गिटार न जोडता वाजवावी, मग जोडून, आवाज किंचितच वाढवून, तेच वाजवावं. बरोबरच्या मित्राला पाठ करून बसवावं. जोडल्यावर गिटार जवळ आल्यासारखी वाटली पाहिजे, वेगळीच वाटता कामा नये. मग हळू, जोरात, आणि अगदी जोरात असं तीनदा छेडून तिसऱ्या वेळी टोक चिरडतं का ते ऐकावं. शेवटी गिटार मांडीवर ठेवून, तारा हाताने न दाबता, आवाज वाढवत न्यावा, हंबरेपर्यंत. कुठल्या आकड्याला हंबरतो ते पाहावं, फेज दाबावं आणि आणखी किती वर जाता येतं ते पाहावं. दुकानदार वैतागेल, वैतागू द्यावं.

आणि शेजारी कीबोर्डचा ॲम्प ठेवलेला असेल तर तोही लावायला सांगावा. त्याच्यात ट्वीटर असतो, खालचे-वरचे सूर तो सारख्या न्यायाने वाजवतो. फेज आणि नॉच मात्र त्यात बहुधा नसतात, आणि इनपुटही पिएझोला पुरेल असा नसतो. ते सगळं असलेला एक छोटा प्रीॲम्प मधे जोडला, तर भजनापुरतं चोख काम होतं. त्या मुलाला मी अखेर हेच सुचवलं, कारण त्याच्या मंडळाकडे कीबोर्डचा ॲम्प आधीपासून पडून होता.